मागच्या सीटवर तिघं

प्रिय नुपू,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला दोन निळ्या खुणा पाठवून गप्प बसतेस, म्हणून अखेर कागदावर आले. तुझ्या श्रीकांतभावजींच्या ऑफिसातला एकजण उद्या नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. त्याच्या बॅगेत खजुराची इतकी खोकी आहेत की माझं पाकीट वजनात बसेल की नाही याची त्याला काळजी पडली होती. मी म्हटलं, बाबा रे, घाबरू नकोस, माझं लिखाण हलकंफुलकं असतं, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात सगळे तसंच म्हणतात.

आई कशी आहे? तिनं फोनवर सांगितलं की शाळेत रोहन डबा संपला की मोठ्यानं 'खलास' म्हणतो आणि बाईंना इकडच्या अरबीत 'यल्ला, यल्ला' करून घाई करतो, तेव्हा बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, हा कुठल्या भाषेत शिव्या देतो. मी हसले, आई मात्र हसली नाही. नील अजून रात्री उठून बसतो, असंही तिनं सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

इकडचं काय लिहू? ऊन तसंच आहे, माणसंही तशीच. मंडळाचा गणपती यंदा कुणाच्या व्हिलात बसवायचा यावरून दोन गट पडलेत, आणि दोन्ही गटांनी आरतीची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे, कारण माझ्याशी भांडायची दोघांचीही तयारी नाही. तू म्हणशील, ताई मुद्द्यावर यायलासुद्धा रिंग रोडनं वळसा घेऊन येते. येते आहे. थोडं थांब.

महिनाअखेरीला तुझ्या आणि मुलांच्या री-एंट्रीची, इथे परत यायच्या परवानगीची, मुदत संपते. आधी एकदा वाढवली, आता पुन्हा वाढवायची की सोडून द्यायची हे तू सांगायचं आहेस, आणि तू सांगत नाहीस. सोडून दिलीस तर इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवानाच गेला, घर गेलं, आणि तुमचं दोघांचं काय राहील ते मला माहीत नाही. आदित्य तुला विचारत नाही. तुझा त्याच्यावर राग आहे तो याचाच, की तो काहीच विचारत नाही, काहीच बोलत नाही. मागे तू मला फोनवर जे म्हणालीस ते मला पाठ आहे. इरा गेली त्या दिवसापासून तो हातात फाइल घेऊन फिरत होता, दाखला, दूतावासाचा कागद, विमान कंपनीचा कागद, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. डोळ्यांतून टिपूस नाही. आठवड्याच्या आत तो परत येऊन ऑफिसात बसला. 'ताई, फ्रिज पाठवावा तशी पाठवली त्यानं तिला.' हे तुझं वाक्य.

तर गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. ताई, मुलांच्या कारसीट घ्यायच्यात, येता का? एवढंच. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, म्हणजे तुमच्यात काहीतरी बोलणं झालं असणार. झालं नव्हतं. तू येशील की नाही हे त्याला ठाऊकच नव्हतं. आलीस तर विमानतळावरून घरी कशी नेणार, एवढाच विचार त्यानं केला होता. अपघातातल्या गाडीच्या सीट पुन्हा वापरायच्या नसतात, वरून धड दिसल्या तरी आतून गेलेल्या असतात, हे त्यानं वाचून ठेवलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर जुन्या सीट फुकटच्या भावात मिळतात, 'फक्त एकाच बाळानं वापरलेली' वगैरे. त्यालाही तो नको म्हणाला. त्या कुठल्या ठोकरलेल्या गाडीत होत्या हे कोण कबूल करणार?

आधी ओलाया भागातल्या एका झगमगीत दुकानात गेलो. तिथली सीट बसल्या जागी गोल फिरते. किंमत ऐकली आणि आम्हीही आल्या पावली गोल फिरलो. आदित्यनं नवी म्हणून जी गाडी घेतली आहे ती जुनीच आहे, आणि ती सीट त्या गाडीत ठेवली असती तर चोरानं गाडी सोडून सीट नेली असती. हे मी त्याला म्हटलंसुद्धा. तो हसला, पण उशिरानं, हल्ली तो सगळ्यावरच उशिरानं हसतो.

नुपू, इथे मला ते खोक्याचं लिहिलंच पाहिजे. मी कधीतरी अंकात आपल्या इथल्या घरांवर लिहिलं होतं, कपाटावर छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवर. सगळे खूप हसले आणि घरी जाऊन आपापल्या खोक्यांवरची धूळ पुसून आले. आम्ही कडा उडालेल्या ताटल्यांत जेवतो आणि नवा डिनर सेट पुण्याच्या फ्लॅटची वाट बघत खोक्यात बसलेला असतो. चांगलं असेल ते तिकडे जाईल, चालण्यासारखं असेल ते इथे वापरू. इथे कुणी राहत नाही ना, सगळे वीस वीस वर्षं नुसते थांबलेले असतात. इराची सीटही तशीच खोक्यात होती. सेलमध्ये मिळालेली, इतकी चांगली की वापरायला जीव धजेना. तुझ्या पुण्याच्या जावेला दिवस गेले होते, कार्गोत तिच्यासाठी जाईल असं ठरलं. इरा काय, आठ महिन्यांची, आणि मागे रोहन-नील या जुळ्यांच्या दोन सीटांमध्ये तू बसायचीसच. हे तू म्हणालीस की आदित्य, यावरून तुम्ही हॉस्पिटलच्या दारात भांडलात, आणि ते तुमचं शेवटचं धड बोलणं. मला विचारशील तर कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. आपल्यातल्या कुठल्याही घरात हेच ठरलं असतं. दमामहून परतताना समोरच्या ट्रकचा टायर फुटला. जुळ्यांना खरचटलंही नाही, ती पट्ट्यात होती. पुढचं मी लिहीत नाही. आणि शेवटी त्या कार्गोनं तिकडे काय गेलं, तेही लिहीत नाही.

तर ओलायाहून आम्ही अल मलाझला आलो. तिथे जाफरभाईंचं दुकान आहे, पाळण्यापासून तीनचाकी सायकलीपर्यंत सगळं छताला टांगलेलं. माणूस रत्नागिरीकडचा. आमचं मराठी कानावर पडताच त्यांनी हिंदी सोडून दिलं, चहा मागवला, आणि आमचं गाव, पगार, घरभाडं सगळं काढून घेतलं. नातवंडं किती, असं मी विचारलं तर म्हणाले, शुक्रवारी जेवायला जमली की मोजून कळवतो. सगळी एकाच गाडीत जातात, कुणी कुणाच्या अंगावर, आणि हे स्वतः सीट विकतात. मी म्हटलं, म्हणजे हलवायाच्या घरी गूळच. ते खूश झाले. असा ग्राहक त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा.

मग त्यांनी आदित्यला विचारलं, पोरं किती, वयं काय.

तो म्हणाला, 'तीन. साडेचार, साडेचार, आणि दीड.'

मी त्याच्याकडे बघत राहिले. जीभ चुकली असेल असं आधी वाटलं. पण माणूस चुकून 'तीन' म्हणेल, चुकून 'दीड' कसं म्हणेल? इरा आठ महिन्यांची होती. दीड ती आत्ता झाली असती. हा हिशेब मी तिथे पाळण्यांखाली उभी राहून केला, आणि तू हे वाचताना करायच्या आत तुला तो ठाऊक असणार.

जाफरभाईंना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. आदित्यनं खिशातून शिवणकामाची टेप काढली, तुझ्याच डब्यातली, पिवळी. मागची सीट किती रुंद आहे ते त्यानं आधीच मोजलं होतं. तीन सीट शेजारी शेजारी बसवायच्या तर प्रत्येक अरुंद हवी, आणि अरुंद असून पक्की हवी, आणि पक्की असून परवडायला हवी. अशी वस्तू जगात कमी असते. जाफरभाईंनी माळ्यावरून एकेक काढली, हा प्रत्येकीच्या पाठीमागचं लेबल वाचायचा, कडा मोजायचा, खाली ठेवायचा. तिसरी, लहानीची, उलट्या तोंडाची हवी म्हणाला. दीड वर्षाच्या मुलाला अजून मागेच तोंड करून बसवतात, मान नाजूक असते. हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जाफरभाईंनीही मान डोलावली.

तीन सीट घेऊन आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. ऊन असं की दाराच्या मुठीला हात लावता येईना. उजवीकडे एक बसली, डावीकडे एक बसली. मधली बसेना. आडवी केली, तिरकी केली, पुढची सीट सरकवली. बसली असं वाटायचं, पण पट्ट्याच्या खटक्यापर्यंत त्याची बोटं जात नव्हती. तो गुडघ्यावर बसून एका खांद्यानं सीट दाबत होता आणि दुसऱ्या हातानं खटका शोधत होता. बोटाची साल निघाली. मी म्हटलं, राहू दे आता. त्यानं ऐकलं नाही. पुन्हा तिन्ही बाहेर काढल्या, पुन्हा आत घातल्या, या वेळी मधली आधी.

जाफरभाई कमरेवर हात ठेवून बघत होते. माणूस वाईट नाही, आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं. दया येऊनच ते म्हणाले, 'भाऊ, कशाला एवढा जीव काढता? दोन न्या. दीड वरसाचं पोर, ते आयशीच्या मांडीवर बसंल.'

आदित्यचा हात थांबला. तो तसाच पाठमोरा राहिला आणि म्हणाला, 'ती मांडीवरच होती.'

मग तो त्या गाडीत शिरला, मधली सीट पोटाशी धरून तुझ्या जागेवर बसला, आणि रडला. मी याहून जास्त वर्णन करणार नाही. तुझा नवरा आहे, आणि मी तिथे नसायला हवं होतं असं मला वाटत होतं. जाफरभाई माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली, त्यांना कळलं. गाडीचं दार त्यांनी हळूच लोटलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला आत दिसू नये म्हणून. कुणी पिकअपवाला जागा हवी म्हणून हॉर्न वाजवायला लागला, त्याला त्यांनी हातानंच पुढे घालवलं. नमाजाची वेळ झाली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून परत तिथेच येऊन उभे राहिले.

परतताना गाडी मी चालवली. तो बोलला, तुटक तुटक, खिडकीबाहेर बघत. ती त्याचा चष्मा ओढायची ते सांगितलं. फाइलचंही सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की कागद होते तोवर तिचं काहीतरी करायचं शिल्लक होतं. शेवटचा कागद झाला की बाप म्हणून तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरणार नव्हतं, म्हणून तो एकेक कागद जपून, उशीर करत, तीन तीन प्रती काढत करत राहिला. नुपू, ज्याला तू फ्रिज पाठवणं म्हणालीस ते हे होतं. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं, आणि तुझ्यापेक्षा जास्त धारदार म्हटलं असतं.

आम्ही दोनच सीट आणल्या आहेत. बसवल्या आहेत, घट्ट बसल्या आहेत, मी स्वतः हलवून बघितल्या. पण हे पत्र मी तुला परत बोलवायला लिहीत नाही. यायचं की नाही ते तू ठरव, नाही आलीस तरी मी तुझ्याच बाजूनं भांडेन, इथे कुणी काही बोललं तर माझं तोंड आहेच. लिहायचं कारण वेगळं आहे. घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना त्यानं मला विचारलं की तू कधी तिचं नाव घेतेस का. तू माझ्याशीही घेत नाहीस. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग मीही घेत नाही, तिला त्रास होईल. तो इकडे तुला त्रास नको म्हणून गप्प आहे, आणि तू त्याला काही वाटत नाही म्हणून गप्प आहेस, आणि पोरगी बिचारी दोघांच्याही मनात एकटी एकटी वाढते आहे. ती दीड वर्षाची झाली हे त्याला माहीत आहे, तसं तुलाही आहे. मला खात्री आहे की तुम्ही दोघं कधीतरी एकाच दिवशी, एकाच वेळी, आता ती चालली असती असं म्हणाला असाल. त्याला फोन कर. री-एंट्रीचं काही बोलू नकोस, मुलांचंही नको. इराचं नाव घे. तूच आधी घे, त्याला सुरुवात करता येत नाही.

तुझीच,
ताई