मिर्ताच्या पेशी

२९ जुलै, सोमवार

फाब्रिसिओ जेवायला येऊन गेला. मिर्तानं बोलावलं होतं — मला विचारून नव्हे, सांगून. महिन्याची एकोणतीस, म्हणून रिवाजाप्रमाणे न्योकी. बटाटे स्वतः उकडून, मळून केल्या! एरवी आम्ही पाकिटातल्या खातो.

चार महिन्यांपूर्वी हा फ्रान्सहून परतला आणि मोंतेविदेओत येऊन थेट माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेत बसला. मला ‘नेल्सनकाका’ म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा!

जेवणभर दोघांचं एकच चाललं होतं — प्रोस्टेटच्या कॅन्सरची पेशी. तिच्या आत म्हणे बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. एक एन्झाइम ते धागे ताणतं, सैल सोडतं, आणि त्या जोरावर पेशी गाठीतून बाहेर सरपटत जाते. पार हाडापर्यंत. त्या एन्झाइमला आवरलं तर ती जागची हलत नाही. फाब्रिसिओनं काट्यानं एक न्योकी ताटभर सरपटवून दाखवली. मिर्ता खळखळून हसली.

तीस वर्षं मी या शहराला क्लच-ब्रेक शिकवतोय. त्याबद्दल मला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

३१ जुलै

मिर्ता उशिरा आली. केसांना नवा रंग.

४ ऑगस्ट, रविवार

आजही गेली. पेशींना खाऊ-पिऊ घालायला! रविवार असला म्हणून त्यांची भूक थांबत नाही म्हणे. कडू माते चहा तयार होता, थर्मास भरलेला होता, समुद्राकडेला चांगलं ऊन पडलं होतं. एकटाच जाऊन बसलो.

ती आल्यावर विचारलं, या पेशी आल्या कुठून? म्हणाली, फार वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाच्या. त्याचा रोग हाडात गेला होता. तिथून काढल्या आणि अजून वाढताहेत.

‘किती वर्षांचा होता?’

‘तुझ्याएवढा.’

म्हणजे फाब्रिसिओ कमी होता म्हणून आता हा मेलेलाही! माझ्या बायकोचे रविवार त्याला.

७ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंचा फोन. रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा बराच वर गेलाय. परवा सुईनं तुकडा काढून बघणार.

मिर्ताला सांगितलं नाही. सांगायला हवं, यातलं सगळ्यात जास्त तिलाच कळतं. पण तिनं सांगितलं की संध्याकाळपर्यंत फाब्रिसिओला कळणार. त्याच्या तोंडून ‘बिचारे नेल्सनकाका’ मला ऐकायचं नाही.

९ ऑगस्ट

झालं. दुखलं. घरी सांगितलं, गाडीत पाठ धरली.

१३ ऑगस्ट

दुपारची शिकवणी रद्द झाली. बेकरीतून बिस्कोचोस घेतले आणि न कळवता तिच्या प्रयोगशाळेत गेलो. दाराच्या काचेतून पाहिलं — दोघांची डोकी एका पडद्याजवळ. तिचा हात त्याच्या खांद्यावर. दारात उभ्या उभ्या पिशवी कधी चुरगाळली, कळलं नाही.

फाब्रिसिओनंच पाहिलं आणि आत ओढलं. पडद्यावर पेशींची फिल्म. पुढून पदर फुटतो, मागचं अंग ओढलं जातं. गोगलगायीसारख्या सरकत होत्या. मग दुसरी फिल्म, औषध घातलेली. तिथल्या पेशी जागच्या जागी थरथरत राहिल्या. मिर्ताच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे औषध माणसाला कधी मिळणार? फाब्रिसिओ म्हणाला, ‘मिळालंच तर बऱ्याच वर्षांनी, काका. अजून उंदरांपर्यंतही गेलेलो नाही.’

बिस्कोचोस त्यानंच संपवले.

१४ ऑगस्ट

भांडलो. म्हटलं, एवढंच आहे तर त्याच्याकडेच राहायला जा. ती भांडी घासत होती, हात थांबले.

‘तो माझ्या कामाबद्दल विचारतो, म्हाताऱ्या. तू वीस वर्षांत काल पहिल्यांदा विचारलंस, यातून पुढे काय होणार ते. आणि तेही त्याला, मला नाही.’

काल का विचारलं, ते सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

२२ ऑगस्ट

तुकड्यात कॅन्सर निघाला. जोरदार जातीचा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर गेलाय का ते हाडांच्या तपासणीत कळेल.

घरी आलो. मिर्ता मिलानेसा तळत होती. सांगून टाकलं. तिनं आधी आकडा विचारला, मग जात विचारली, परीक्षा घेतल्यासारखी. मग गॅस बंद केला आणि तेच दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, जणू पहिल्यांदाच विचारतेय.

‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘दोन आठवडे.’

‘दोन आठवडे मी तिथं बसून तेच बघत होते. तेच! आणि तू मला फाब्रिसिओवरून बोलत होतास?’

खुर्चीत बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

२७ ऑगस्ट

हाडांची तपासणी झाली. मिर्ता सोबत आली. फाब्रिसिओचे तीन फोन आले. तिनं घेतले नाहीत. आठवड्यापूर्वी हे पाहून मी मनात नाचलो असतो.

३ सप्टेंबर

कमरेच्या हाडात डाग आहे. मिर्तानं प्रयोगशाळेची किल्ली फाब्रिसिओला देऊन टाकली — त्या पेशी आता बघवत नाहीत म्हणाली. दिवसभर माझ्याजवळ बसून असते. हेच तर हवं होतं मला! आज ती आंघोळीला गेली तेव्हा मीच त्याला फोन केला. म्हटलं, ये बाबा, आणि हिला परत त्या पेशींकडे घेऊन जा.