डब्यांवरची नावं

आई, आज वर्गात मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात ते मी पोरांना शिकवत होते आणि मध्येच आपली समुद्रपूरची चक्की डोळ्यांसमोर आली. सकाळपासून गावभरचे दळणाचे डबे रांगेत लागायचे आणि एकावरही नाव नसायचं. कोणता कुणाचा, आत गहू की ज्वारी, बारीक हवं की जाडं, सगळं तुझ्या डोक्यात. बाबा फक्त मोटरीचा पट्टा चढवायचे. "डब्बा पाह्यला का त्या घरची बाईच दिसते मले," म्हणायचीस. केवढा तोरा होता तुझा!

मी कॉलेजात होते तेव्हा बिनसलं. एक दिवस मास्तरांची सून दारात उभी. "काकू, आमी गहू देल्ला होता, हे ज्वारीचं पीठ काऊन?" तू डबा उघडून पीठ चिमटीत चोळून बघितलंस. मग असं रोजच व्हायला लागलं. लोक हसायचे. बाबा म्हणाले, "वय झालं, आता असंच चालन," आणि लाल ऑइलपेंट आणून सगळ्या डब्यांवर नावं टाकली. संध्याकाळी भाकरी थापता थापता मला विचारलंस, "मी येडी होऊन राह्यली काय वं?" मी रडू लपवायला उठून मागच्या दारी गेले.

भर मे महिन्यात तू शाल गुंडाळून चक्कीत बसायचीस, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, आणि आम्हा शहाण्यांना फक्त डबे दिसत होते! वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी शाल बघितली, मग गळा चाचपला, रक्त तपासायला दिलं. थायरॉइड निघालं. गळ्यातली ती ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. ते कमी पडलं की आठवणी साठवणाऱ्या पेशींमध्ये एकीचा निरोप दुसरीला नीट पोचत नाही. मोटर चालू, पण पट्टा सैल. पेशी मेलेल्या नसतात गं. हे मी आता दर वर्षी पोरांना सांगते आणि दर वेळी वाटतं, तुला त्या चुलीपाशी सांगता आलं असतं तर.

गोळी सुरू झाली. हळूहळू शाल गेली, आवाज परत आला. आणि एका दुपारी तू रॉकेलचा बोळा घेऊन डबे पुसायला बसलीस. बाबा ताटावरून ओरडले, "अवं, काय करून राह्यली?" तू मान वर न करता म्हणालीस, "मले सारे वळखू येतेत. नावं कायले पाह्यजेत?" त्यानंतर कधी चूक झालीच नाही असं नाही; एकदा झाली, तर तू त्या बाईलाच झापलंस.

आता मलाही तेच निघालंय. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. रिपोर्ट चांगला आलाय, पोरांची नावं पुन्हा पटकन आठवतात. पण मधल्या दिवसांत घाबरून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मीठ, साखर, बेसन. तू आता नाहीस, हा कागद काही पोस्टात जायचा नाही, म्हणून सांगते. त्या चिठ्ठ्यांना रॉकेलसुद्धा लागणार नाही, नखानं निघतील. अजून काढल्या नाहीत, आई.