माटोळीसाठी घरोघर

गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

संपलं! पाळीच्या रघुनाथभाऊंचा फोन — त्यांचे काका वारले. "सुतक पडलां गो सिद्धी. देवाच्या वस्तूंक हात कसो लावचो?" खरंच आहे. पण माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला बांधायच्या फळापानांचं, सगळं रानातलं सामान तेच आणून देणार होते. आणि पहिल्याच वर्षी मी पणजीपासून पेडण्यापर्यंत ऑर्डरी घेऊन बसलेय! लोकांना तोंड कसं दाखवू? पुढल्या वर्षी कुत्रं विचारणार नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गौरेश म्हणतो, "एकाच माणसावर सगळा धंदा? तू तर आम्हा खाणवाल्यांच्या वरताण!" खाण बंद पडली तेव्हा त्याचा ट्रक कितीतरी दिवस दारात उभा होता, त्याला बोलायचा हक्क आहे. तरी राग आलाच. जेवले नाही.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "रानच कित्याक जाय? घराघरांनी विचार. परसांत कितें ना कितें आसतलेंच."

हे मला का सुचलं नाही?

रविवार, २४ ऑगस्ट

काय बायका आहेत या! सर्वणला सुपारीचे घड मिळाले, मयेत चिबूड, आमोण्याच्या जानकीमावशीकडे तोरिंगं, ती पपनसासारखी मोठी फळं. आता ठरवलंय — प्रत्येक वस्तूला दोन घरं धरायची. एकानं नाही म्हटलं तर दुसरं आहे. कवंडळं, ती रानातली लालभडक फळं, कुठेच नाहीत. गिऱ्हाइकांना सरळ विचारलं, अंबाडे बांधले तर चालतील? सगळे हो म्हणाले! गौरेश पिकअप घेऊन गावोगाव फिरतोय, तेही गाणी म्हणत. नवरा चांगला आहे माझा.

सोमवार, २५ ऑगस्ट

बाजारात भाव नुसते उड्या मारताहेत. मयेतल्या बाईनं माझे ठरलेले चिबूड व्यापाऱ्याला दिले. मीही दिले असते. दुसरं घर होतं म्हणून निभावलं.

पण पेडण्याच्या गाडीला तोरिंगं आणि नारळ कमी पडले. दुसरं घरही रिकामं! जानकीमावशीला फोन केला, तर ती बसनं पोतं घेऊन इथे डिचोलीत हजर.

"मावशे, तुमच्या माटोळेक दवरलां मगो?"

"आसा गो, घरा खूब आसा."

देवमाणूस!

मंगळवार, २६ ऑगस्ट

शेवटची माटोळी पेडण्याला पोचली. स्वतःवरच खूश आहे आज. डोकं चालवलं की काही अडत नाही!

बुधवार, २७ ऑगस्ट

संध्याकाळी आमोण्याला गेलो, मावशीच्या गणपतीच्या दर्शनाला. वर माटोळीची नुसती चौकट. आंब्याचे टाळ आणि एक नारळ, बाकी काही नाही.

"उबीं कित्याक? बसात, नेवऱ्यो खायात."

 नेवऱ्या खाल्ल्या. गाडीत बसल्यावर रडू आवरेना.