घटनाबाह्य

जयनगर, बेंगळुरू

प्रिय शिवलीला,

निकाल लागला. तुला निपाणीत कुणी कळवलं असेल की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तेच सांगते. चंदनने दाखल केलेल्या याचिकेवर हायकोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली. तुझ्या भावाची केस तो नसताना जिंकली गेली. त्याच्या जागी उभा राहिलेला श्रीरंग वकील बाहेर येऊन माझ्यासमोर रडला, आणि मी वेड्यासारखी त्याचीच समजूत काढत बसले.

तुला यातलं अर्धंच माहीत आहे. बाबा सरकारी नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपेवर त्यांच्या जागी मला घेतलं. आईचं सगळं त्या पगारावर. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, की अशी नोकरी मिळालेल्या मुलीने लग्न केलं तर ती वडिलांच्या कुटुंबातली राहत नाही, सबब नोकरीही राहत नाही. मुलग्याने खुशाल चार वेळा बोहल्यावर चढावं, त्याला विचारणारं कुणी नाही! चंदन म्हणाला, जाऊ दे नोकरी, मी आहे ना. मी म्हटलं, तुझे अशील फीच्या जागी नारळ देतात, त्यावर तिघं जगणार का? तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मग कायदाच काढू.

मला ती थट्टा वाटली. विधानसभेने मंजूर केलेली गोष्ट हायकोर्टातले दोन न्यायाधीश कशी पुसून टाकणार? पण जे. पी. नगरच्या एका हॉटेलात इडली गार होईपर्यंत त्याने मला समजावलं, की राज्याचा कायदा असो की त्यातली दुरुस्ती, घटनेत बसत नसेल तर हायकोर्ट ती रद्द करू शकतं, आणि तो अधिकार घटनेनेच दिलाय. मराठी शाळेत शिकलेल्या चंदनची कानडी तुला ठाऊकच आहे. कोर्टातल्या कृष्णमूर्ती कारकुनांना त्याने कानडीत ऐटीत सांगितलं, ही दुरुस्ती ‘घटने’च्या विरुद्ध आहे. कानडीत घटने म्हणजे नुसतं घडलेलं काहीतरी. त्या भल्या माणसाने काळजीने विचारलं, कुठे घडलं, सर, कुणाला लागलं का? पुढे कितीतरी दिवस भेटल्या भेटल्या मी त्याला हेच विचारायची.

याचिका माझ्यासारख्याच अनुकंपेवर लागलेल्या धनलक्ष्मीच्या नावाने होती. लग्न केलं म्हणून तिला कामावरून काढलं होतं. तारखा पडत गेल्या आणि आम्ही थांबत गेलो. अंतिम सुनावणी तोंडावर आली असताना एचएसआर लेआउटच्या सिग्नलवर, स्कूटरवरच त्याच्या छातीत कळ आली. बाकीचं तू पाहिलंस.

निकालात लिहिलंय, ही दुरुस्ती पहिल्यापासून नव्हतीच असं समजावं. श्रीरंगने ते वाक्य मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. मला मात्र राग आला, शिवलीला. नव्हतीच, तर मग आमचं लग्न झालेलं असायला हवं, या घरात त्याच्या फायलींचा पसारा असायला हवा. दुरुस्ती रद्द झाली. कृष्णमूर्तींच्या कानडीतली घटना आहे तशीच आहे. धनलक्ष्मीला नोकरी परत मिळाली, ती पेढे घेऊन आली होती. ऑफिसात मला विचारतात, आता तरी करणार ना लग्न? मी कानडीत ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणते आणि कामाला लागते.

निकाल काय, फोनवरही सांगता आला असता. चंदनला निपाणीला आणलं त्या दिवशी तू, अव्वा, काका सगळे आत होता. शेजारणीने पिठलं-भाकरी आणून घरच्या प्रत्येकाला कडू घास दिला. मला ओसरीवर चहा मिळाला, बेंगळुरूहून भेटायला आलेल्या मंडळींबरोबर. त्यात कुणाची चूक नव्हती. मी कोण, हे अव्वांना कुणी सांगितलंच नव्हतं. लग्न झालेली मुलगी घरचीच, असं आता कोर्ट म्हणतं. लग्न न झालेली सून कुणाची, हे विचारायला मला कोर्ट नाही, म्हणून तुझ्या आईला, अव्वांनाच विचारते. पुढच्या महिन्यात चंदनचं वर्षाचं कार्य आहे. त्या दिवशी मला आत, तुमच्यात बसू द्याल का? अव्वांना तूच सांग, आणि त्या काय म्हणतात ते कळव. नाही म्हणाल्या तरी मी येईन. ओसरीवर बसेन.

तुझीच,
केतकी