बादशहाच्या वाढदिवसाचा पाऊस

ती. रेझीताईस,

धाकट्या फर्डिनांडचा आदरपूर्वक नमस्कार. देवकृपेने तू, भावोजी आणि भावोजींचा सुजलेला अंगठा, तिघेही खुशाल असाल. इकडचं मात्र खुशाल म्हणवत नाही.

बादशहाचा वाढदिवस यंदा पावसात वाहून गेला. आपलं गाव तुला ठाऊकच आहे. अठरा ऑगस्टला, बादशहाच्या वाढदिवशी, ऊन पडलंच पाहिजे; त्या दिवशी इथे छत्री उघडणं म्हणजे राजद्रोह. (छत्र्या बनवून पोट भरणाऱ्याने असल्या गावात जन्म का घ्यावा, हे मी पाद्रीबुवांना विचारून पाहिलं. ते नुसते खोकले.) त्यातून आपले बाबा! त्या दिवसाच्या लख्ख उन्हाला 'कायझरवेटर', बादशाही हवा, हे नाव आपणच दिलं हा त्यांचा हेका. तरुणपणी संचलनाच्या वेळी आभाळ भरून आलं, बाबांनी ढोल बडवत हा शब्द ठोकून दिला आणि ऊन पडलं, ही गोष्ट तू माझ्याहून जास्त वेळा ऐकली आहेस. बेकर श्टाइंडल म्हणतो, शब्द त्याच्या वडिलांचा. (त्यापायी आपल्या घरात कित्येक वर्षं पलीकडच्या गावचा शिळा पाव खातात.)

तर मैदानावर प्रार्थना सुरू झाली आणि धो धो कोसळायला लागला. सगळे बसले भिजत. मी छत्री घेऊन बाबांपाशी गेलो, तर म्हणाले, "मिट ती! श्टाइंडल बघतोय." श्टाइंडलही बाबांवर डोळा ठेवून तसाच निथळत होता. जो आधी उठेल त्याचा शब्द खोटा. शेवटी दोघांनाही उचलून आणावं लागलं.

श्टाइंडल पुन्हा भट्टीपाशी उभा आहे. बाबा उठलेले नाहीत. ताप छातीत उतरलाय, आणि डॉक्टर आता औषधाचं बोलत नाहीत, तू कुठे असतेस ते विचारतात. मला फार भीती वाटते, ताई. खिडकीला जाड पडदा लावलाय. रोज सकाळी बाबा विचारतात, "हवा कशी आहे रे?" मी म्हणतो, "कायझरवेटर, बाबा." पाऊस अजून थांबलेला नाही.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
फर्डी

ता. क. काल श्टाइंडल मागच्या दाराने ताजा पाव देऊन गेला. शब्द तुमचाच, असं बाबांना सांग म्हणाला. मी सांगितलं. बाबांनी पाव खाल्ला नाही, पण उशाशी ठेवून घेतलाय.

आणखी ता. क. मिळेल त्या गाडीने निघ. हे मीच लिहिणार होतो, पण आत्ता बाबांनीच हाक मारली. म्हणाले, "रेझीला लिही, येताना छत्री घेऊन ये म्हणावं."