मागचा डावा टायर

प्रिय गौतमी,

सप्रेम जयभीम. फोन असताना आबाला पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं म्हणत हे घडी करून पर्समध्ये टाकू नकोस. रविवारी नणंदेच्या साखरपुड्यासाठी घरच्यांना गाडीत घालून सोलापूरला निघायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. निघायच्या आधी, हे मुद्दाम पुन्हा लिहितो. या आठवड्यात मी तुला चार फोन केले आणि चारही वेळा कांद्याच्या पातीवर आणि तुझ्या रोहनच्या दातांवर बोलून ठेवून दिले. तुझी आई समोर बसून कपाळाला हात लावत होती. शेवटी म्हणाली, "अवं, तोंडात काय गूळ धरलाय का? तुम्ही सांगा, न्हाईतर मी सांगते."

दिवाळीत तुमच्या गाडीचं चेंबर आपल्या वाटेवर फुटलं ते आठवत असेलच. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल केलेल्या आणि मधे उरलेला वरंबा गाडीच्या पोटाला लागला. सडकेपासून दारापर्यंत ऑइलची रेघ ओढत तू आलीस. आमचे जावई सत्यजीतराव शांत माणूस. एवढंच म्हणाले की वाट नीट होईपर्यंत गाडी निमोण्याला आणायची नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर दोन महिने तू आली नाहीस. रांगणाऱ्या पोराला घेऊन एसटीनं ये, असं सांगायला माझीच जीभ रेटेना, आणि मी एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस!

मग एक जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देऊन तुम्ही इकडे आलात. गाडी सडकेवर लिंबाखाली लावलीत आणि चालत आलात. जेवणं झाल्यावर तुम्ही आडवे झालात आणि मी म्हणालो, आण चावी, गाडी धुऊन आणतो. शिरूरला जाऊन धुतली हे खरं. पण त्याआधी चारही टायर बदलले. दुकानदार म्हणाला होता, कंपनीच्या मापापेक्षा मोठे घाला, गाडी इंचभर उचलते, पोट घासायचं नाव नाही. तुला मी सांगितलं, जुने झिजले होते म्हणून नवे घातले, आबाकडून भेट. तू किती खूश झालीस! मोठ्या मापाचे आहेत हे तेवढं सांगितलं नाही. सत्यजीतराव नको म्हणतील, ही भीती होती. फेब्रुवारीत तू दोनदा आलीस, गाडी थेट दारात, पोटाला माती लागली नाही. मी अंगणात उभा राहून मिशीला पीळ देत होतो.

आता मागच्या गुरुवारचं ऐक. दौंडला आलो होतो, तेव्हा तू यवतच्या दवाखान्यात ड्यूटीवर जाताना मलाही गाडीत घेतलंस. पुढं सोनम सिस्टर, मागं तुझ्या सासूबाई, रोहन आणि मी. हायवेला लागलो. मीटरवर ऐंशी, काटा हलत नव्हता, तू चालवतेस छानच. मला जुनी खोड, किलोमीटरचे दगड घड्याळावर मोजायची. ऐंशीनं दहा दगडांना साडेसात मिनिटं लागतात. मला सात मिनिटं भरली. चुकलो असेन म्हणून पुन्हा दहा मोजले. पुन्हा सातच. म्हणजे मीटर ऐंशी म्हणतोय आणि गाडी शहाऐंशीनं पळतेय, आणि चालवणारीला पत्ताच नाही. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला आणि मागून खर्रर्र झालं. तू म्हणालीस, "आबा, जास्त माणसं बसली की येतो तो आवाज. ह्यांना वाटतंय शॉकअप गेलेत."

यवतला तू आत गेलीस तेव्हा मी गुडघे टेकून मागच्या डाव्या टायरवरून आतल्या अंगानं हात फिरवला. रबर बोटभर रुंद कापलं गेलंय, गुळगुळीत झालंय. त्याच चाकावर रोहनची खुर्ची बांधलेली असते.

दुसऱ्या दिवशी पाबळला विनोदकडे गेलो. डेपोतला आपला जुना मेकॅनिक, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. तो माझ्याकडे बघून हसला नाही, त्यानंच जास्त घाबरलो. "मोकळ्या गाडीला खपून जातं, आबा. पण माणसं भरली आन् खड्डा आला, की टायर वर जाऊन पत्र्याला घासणारच. पळत्या गाडीत फुटायला येळ लागत न्हाई." रविवारी तुमची गाडी भरलेली असणार. सोलापूरपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे. त्यावरचा एकेक पूल डोळ्यांपुढून जातो.

त्या गुरुवारला आज आठ दिवस झाले. तुला लगेच का सांगितलं नाही? सासरचे कान फोनला असतात हे आईला सांगितलेलं कारण. लाज वाटली हे दुसरं. आपल्या जीपचा आरसा तू शिकताना कमानीला घासून फोडलास आणि दोन दिवस लपवलास, तर मी तुझ्याशी तीन दिवस बोललो नव्हतो. पण सगळ्यात खरं कारण लिहितो. जुने टायर परत बसले की गाडी पुन्हा सडकेवरच थांबेल, आणि मग तू यायची थांबशील. या भीतीपायी मी आठ दिवस तुम्हा सगळ्यांना त्या टायरांवर फिरू दिलं. बाप म्हणवून घ्यायची मला लाज वाटते, गौतमी.

जुने चारही टायर मी दुकानात दिले नव्हते. गोठ्यात ठेवले होते, अजून दोन वर्षं सहज चालतील. उद्या शनिवारी शिरूर-दौंड एसटीत घालून ते घेऊन येतोय. सकाळच्या पहिल्या गाडीनं, म्हणजे दौंडच्या मेस्त्रीकडून दुपारपर्यंत ते बसवून होतील. वाटेतला वरंबा मी रोज सकाळी फावड्यानं तासतोय, निम्मा झालाय. राहिलेला होईपर्यंत गाडी लिंबाखाली लाव, रोहनला खांद्यावर घ्यायला मी सडकेवर येईन.

डेपोत गाडी लावताना बिघाड तोंडी सांगून चालत नसे. कागदावर लिहून सही करायची, म्हणजे उद्या ती गाडी कोणाच्या हाती जाईल त्याला कळावं. एकतीस वर्षांत मी एक दिवस ते चुकवलं नाही, आणि स्वतःच्या लेकीच्या गाडीला चुकवलं. तो कागद आज लिहून देतोय. दौंडच्या स्टँडवर तू गाडी घेऊन मला न्यायला आलीस की हा तुझ्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत टायरांपाशी उभा राहीन. मग गाडीची चावी दे, पण माझ्या हातात नको. मेस्त्रीच्या हातात दे.

तुझाच,
आबा