देवघरातली बॅटरी

रविवार, १४ फेब्रुवारी १९८८
सकाळी ९.४० ला वीज गेली. मालिका सुरू होऊन दहाच मिनिटे झाली होती. सासूबाई टीव्हीसमोर होत्या तशा बसून राहिल्या. वीज ११.२० ला आली. हा सलग तिसरा रविवार.
सासूबाई जेवल्या नाहीत. मालिका बुडाली की त्या जेवत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. मीही जेवले नाही. ऊन फार आहे.
पाथरीहून बन्सीधर भाऊजींचे पत्र आले. लिहितात, दादा गेल्यापासून आईचे पालमला मन लागत नसेल, तिथे लाईटही नसते, मार्चात येऊन तिला घेऊन जातो.
मनाचा प्रश्न नाही. विजेचा आहे. तो सोडवता येतो. मालिका न चुकता दर रविवारी दिसली की सासूबाई येथेच राहतील. मला एकटीने राहण्यात अडचण काही नाही. सासूबाईंची गैरसोय होऊ नये, एवढेच.
ठराव: बारा व्होल्टची बॅटरी आणणे. घरी चार्ज करणे.

बुधवार, १७ फेब्रुवारी
परभणीहून बॅटरी आणि चार्जर आणला. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, बाई, तेजाबाचं सामान गाडीत चालत न्हाई. मी त्याला लेड-ॲसिड सेलची रचना समजावून सांगितली. पिंगळीचा थांबा येईपर्यंत सांगितली. त्यानंतर तो मागच्या दारापाशीच उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतराला दोन भोके पडली. ती आधीचीच असावीत.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
बस स्टँडजवळ सुग्रीवचे बॅटरीचे दुकान आहे. तो माझा विद्यार्थी. आठवीत विज्ञानात शंभरात अकरा. डिस्टिल्ड वॉटर घ्यायला गेले, तर मलाच शिकवू लागला. म्हणाला, बाई, माझ्याकडंच ठिवा, मी चार्ज करून घरपोच देतो. नाही म्हटले. मग म्हणाला, तर वसरीवर ठिवा, वाऱ्याला. बुचं ढिली करा. आधी चिमटे लावा, मग बटन. काढताना आधी बटन बंद. अन् आग जवळ आणू नका, लय वंगाळ गॅस निघतोय.
ज्या मुलीने १९५२ साली हैदराबादहून बी.एस्सी. केले आणि अठ्ठावीस वर्षे हायड्रोजन शिकवला, तिला हे ऐकावे लागले. पेटती काडी नेल्यास पॉप असा आवाज होतो, हे वाक्य मी याच्याकडून फळ्यावर वीस वेळा लिहून घेतले होते.
ओसरीवर धूळ आहे, कोंबड्या आहेत, येणारेजाणारे आहेत. बॅटरी देवघरात ठेवली. घरातली सर्वांत स्वच्छ खोली. चपला घालून तेथे कोणी येत नाही. प्लगही आहे. देवांच्या दिव्यांच्या माळेसाठी यांनीच बसवला होता. खिडकी नाही, त्यामुळे धूळ नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी
पुठ्ठ्यावर नियम लिहून देवघराच्या दारावर लावले. एकूण सात. विडी, काडी, कंदील, चूल यांपैकी काहीही चार्जिंगच्या वेळी पेटलेले असणार नाही. चुलीबद्दल कडूबाई कुरकुरली. ती धुणीभांडी आणि भाकरी करते. म्हणाली, बाई, च्या बी न्हाई? सांगितले, चहाही नाही. मग तिने देवघरात डोकावून विचारले, मंग त्यो दिवा?
तो दिवा वेगळा.
यांच्या फोटोपाशी कोनाड्यात नंदादीप आहे. वर्ष होईपर्यंत तेवत ठेवायचा, असे सासूबाईंनी गेल्या आषाढात ठरवले. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. त्यांचा हात थरथरतो म्हणून तेल मी घालते, रोज संध्याकाळी पाच वाजता. कोनाडा बॅटरीपासून चांगला तीन हात वर आहे. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असतो. तो वर निघून जातो.
वीज जवळजवळ दिवसभर नव्हती. चार्जिंग वीस मिनिटे झाले.

रविवार, २१ फेब्रुवारी
९.३५ ला वीज गेली. बॅटरी जोडली. सात मिनिटे चित्र दिसले, मग सगळी माणसे बारीक होत मधल्या ठिपक्यात गेली. प्रयोग तत्त्वतः यशस्वी.
सासूबाई जेवल्या नाहीत.

बुधवार, २४ फेब्रुवारी
माझ्या दोन सुती साड्यांना काठाजवळ चाळणीसारखी भोके. कडूबाईला धुणे आपटण्यावरून बोलले. ती म्हणाली, मी वीस वर्षं आपटायलेय, भोकं आत्ताच कशी पडायली? उंदरांचे औषध टाकण्याचे ठरवले.

रविवार, २८ फेब्रुवारी
बॅटरी पूर्ण चार्ज. मालिका अथपासून इतिपर्यंत दिसली. सासूबाई टीव्हीच्या थोड्या डावीकडे, भिंतीकडे तोंड करून बसतात. मान अवघडत असावी. मध्येच विचारतात, कोण आलं गं? मी सांगते. त्या हं म्हणतात. मग कोण गेलं, ते विचारतात. मी तेही सांगते.
दोघी व्यवस्थित जेवलो. निरीक्षण सिद्ध झाले.
भाऊजींना कार्ड टाकले: येथे विजेचा प्रश्न कायमचा सुटला आहे.

शनिवार, ५ मार्च
चार्जिंगच्या वेळी सासूबाई खोकतात. म्हणाल्या, मास्तरीणबाई, देवाजवळ कसला गं वास? उदबत्ती बदलली.
सुग्रीव वाटेत भेटला, कुठे ठेवली विचारले. सांगितले. तो थांबला. म्हणाला, बाई, तिथं दिवा आसतोय ना सरांचा? दिवा तरी हलवा, नाहीतर बॅटरी तरी. म्हटले, दिवा हलवायचा नाही, सासूबाईंना सहन होणार नाही. म्हणाला, त्यांना इचारलं का? असल्या प्रश्नांमुळेच त्याला अकरा मिळाले.
ठराव: बॅटरी सोमवारी ओसरीवर हलवणे.

गुरुवार, १० मार्च
भाऊजींचे उत्तर. रविवारी जीप घेऊन येतो, आईचं सामान बांधून ठेवा, वैनी.
सोमवारी ओसरीवर मिरच्या वाळत होत्या. मंगळवारीही. बॅटरी देवघरातच आहे.
या रविवारी भाऊजींच्या डोळ्यांदेखत मालिका चालली पाहिजे. सासूबाई जेवतानाही त्यांनी पाहिले पाहिजे. मग बोलायला जागा उरणार नाही. शनिवारी सकाळपासून चार्जिंग. नियमांत आठवा घातला: देवघराचे दार घट्ट लावून घेणे.

शनिवार, १२ मार्च
सायं. ५.१०. वीज सकाळपासून एकदाही गेली नाही. दार बंद. सलग नऊ तास चार्जिंग.
पाचला तेल घालायला गेले. दार उघडले. वात जरा वर सारली.
आवाज पुस्तकात दिला आहे तसा आला. जास्त मोठा.
चष्म्यामुळे डोळे वाचले. उजव्या हाताला चार फोड. कडूबाईने आख्खी घागर माझ्या हातावर ओतली, ती कृती बरोबर होती. आढे काळे झाले. देवांची वस्त्रे विरघळली. फोटोची काच तडकली, फोटो शाबूत आहे. हार उरला नाही.
दिवा विझला.
सासूबाई भिंत चाचपत आल्या, म्हणाल्या, तू हायस ना? हो म्हटले. दिव्याचे सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

त्याच दिवशी, ७.००
सासूबाईंचे गाठोडे बांधले. सहा लुगडी, मिसरीची डबी, शाल, चष्मा. चष्म्याला डावी काच नाही. कडूबाई म्हणाली, दिवाळीच्या आदुगरपासून न्हाई, अन् उजव्या डोळ्यावर तर सारा पडदाच आलाय, बाई, तुमाला म्हाईत न्हाई? अर्थात माहीत होते.
उद्यापासून घर शांत राहील. वाचन वाढवता येईल.

रविवार, १३ मार्च
भाऊजी ९.२० ला आले. देवघर पाहून डोक्याला हात लावला. म्हणाले, वैनी, तुमी शिकलेल्या. मग आईला म्हणाले, चल आई, तिकडं चोवीस तास लाईट हाय, तुझी मालिका बुडणार न्हाई.
सासूबाई म्हणाल्या, कुणाची मालिका? मला त्या डबड्यात निस्ता उजेड दिसतोय. ही येकली बसती म्हणून बसते मी. भाऊजी म्हणाले, मग रविवारी उपाशी का राहतीस? म्हणाल्या, हीच ताटावर बसंना झाली, मग मी कशी गिळू? तो दिवा बी मी म्हणलं जळू दे, तेल घालायच्या निमतानं ही पाच वाजता उठती तरी. आता ह्यो असा जाळ करून बसली. न्हाई बाबा, मी येत न्हाई. हिला येकली ठिवली तर उद्या सारं घर उडवील.
भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. ९.३४. वीज होती. सबंध सकाळभर ती गेली नाही. टीव्ही कोणी लावला नाही.
भाऊजी चहा पिऊन गेले. सुग्रीव येऊन बॅटरीची टरफले घेऊन गेला. जाताना नियमांचा पुठ्ठा मागितला, दुकानात लावतो म्हणाला. दिला. अकरावरून पुढे गेला आहे.
सासूबाई म्हणाल्या, दिवा लाव की आता, तिथं काय राहिलंय उडायला? लावला.
निष्कर्ष: सासूबाई घराच्या सुरक्षिततेसाठी येथे थांबल्या. नियम त्यांना पटलेले दिसतात.
पुढच्या आठवड्यात परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे. हे मी आधीच ठरवले होते.
दुपारी दोघी जेवलो. मला दोन भाकरी लागल्या. ऊन कमी असावे.